दारात कोणतं झाड लावायचं?

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार आणि मीटिंगमध्ये आवाज बंद ठेवून हे वाचणाऱ्यांना जरा जास्तच नमस्कार. आजचा विषय मला तुमच्यापैकीच बऱ्याच जणांनी सुचवलाय. "गावाकडं घर बांधलंय, पुढं थोडी जागा आहे, छोटं फुलझाड कोणतं लावू?" असे मेसेज दर पावसाळ्याआधी येतात. त्यावर एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण उलटे चार प्रश्न विचारावे लागतात. म्हणून आज अख्खा भागच यावर.

आधी एक सांगते. मी बागकामातली तज्ज्ञ नाही. मी बीटेक केलेली, पुण्यात कोड लिहिणारी मुलगी आहे. पण गेल्या वर्षी साताऱ्याच्या आमच्या घरापुढं झाडं निवडायचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते ऑफिसच्या प्रोजेक्टपेक्षा जास्त गांभीर्यानं केलं. त्याला कारण होतं.

आमच्या दारात पूर्वी गुलमोहर होता. मोठा, देखणा, मे महिन्यात लालभडक. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडं सगळीकडं लावला गेला. त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरणारी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि त्याची एक जाडजूड फांदी शेजारच्या काकांच्या कंपाउंडवर पडली. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. भिंत गेली, त्यांची दुचाकी वाकली. बाबांनी भिंत बांधून दिली, पण बोलाचाली झाली ती झालीच. वीस वर्षं दिवाळीचा फराळ ज्या भिंतीवरून इकडून तिकडं जायचा, तिथून वर्षभर काहीच गेलं नाही. पुढं रीतसर परवानगी काढून गुलमोहर उतरवला.

आता अंगण मोकळं. बाबा म्हणाले, सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकू, गाडी आत घेऊ, कटकट नको. आई म्हणाली, झाडाशिवाय घर म्हणजे सरकारी कचेरी. बाबांचा मुद्दाही बिनबुडाचा नव्हता. ते म्हणाले, "झाड लावायला परवानगी लागत नाही, तोडायला लागते." अगदी खरं आहे. महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करणारा कायदा लागू आहे. झाड तुमच्या खाजगी अंगणात असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले चुकीचा बदल झाला की रोलबॅक करतो. झाडाला ती सोय नाही. पाच वर्षांनी कळलं की हे इथं नको होतं, तर तोवर ते एका मजल्याएवढं झालेलं असतं आणि आईचा त्याच्यावर जीव जडलेला असतो.

आणि दुसरी गोष्ट. झाड निवडणार मी, पुण्यात बसून. त्याखालचा पाला रोज झाडणार आई, जिचे गुडघे दुखतात. म्हणून नर्सरीत जायच्या आधी मी महिनाभर नुसतं बघितलं आणि मोजलं.

आमचं अंगण रस्त्याच्या बाजूनं साधारण २२ फूट रुंद आणि १५ फूट खोल. घराचं तोंड पश्चिमेला. फाटक मध्ये आणि त्याच्या आतल्या बाजूला जमिनीखालची पाण्याची टाकी. उत्तरेच्या कोपऱ्यात विजेचा खांब, तिथून घरात तार आलेली. दक्षिणेला काका. हॉलची खिडकी दाराच्या उत्तरेला.

तुम्हीही हेच करा. एका कागदावर अंगण काढा. तारा कुठून जातात, टाकी कुठं, ड्रेनेजची लाईन कुठं, गाडी कुठं लागणार. टाकीबद्दल एक गैरसमज दूर करते. छोट्या झाडाची मुळं धडधाकट टाकी फोडून आत घुसत नाहीत. टाकी किंवा पाइप आधीच कुठं झिरपत असेल तर मुळं त्या ओलाव्याकडं जातात आणि मग ती फट वाढवतात. त्यामुळं झाड लावायच्या आधी टाकीची गळती बघा आणि तरीही आठ-दहा फूट अंतर ठेवा.

मग मी एका एप्रिलच्या रविवारी हॉलच्या खिडकीत बसून दर अर्ध्या तासाला फोटो काढले. आईला वाटलं पोरीला उन्हाचा त्रास झालाय. पण त्यातून कळलं की दुपारी अडीचपासून संध्याकाळपर्यंत ऊन थेट हॉलमध्ये येतं आणि आई त्याच वेळी तिथं आडवी झालेली असते. म्हणजे आम्हाला झाड नुसतं फुलासाठी नको होतं, सावलीसाठीही हवं होतं. आणि सावली मार्च ते मे या काळातच हवी होती.

इथं खरी गंमत सुरू होते, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडची बरीचशी सुंदर फुलझाडं नेमकी उन्हाळ्यातच उघडीबोडकी असतात. देवचाफा, म्हणजे देवळापुढं असतो तो पांढरा-पिवळा चाफा, त्याची पानं हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळा बराच पुढं गेल्यावर भरतात. पारिजातकाची उन्हाळ्यात दशा बघवत नाही, जणू मेलंय असं वाटतं. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी भरतो. बघायला स्वर्ग, पण त्या काळात झाडावर पानं फार थोडी, म्हणजे फोटो भरपूर आणि सावली जेमतेम. तामण त्या मानानं बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, एप्रिलमध्ये नवी पालवी आणि मग जांभळी फुलं. तामण आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल आहे आणि महाराष्ट्र दिनाच्या आसपास बहरात असतो. पुण्यात रस्त्याकडेला मे महिन्यात जांभळे तुरे दिसतात ना, तोच. मला तामण लावायचाच होता. पण तो नदीकाठचा गडी, मोकळ्या जागेत चाळीस फूट सहज गाठतो. आमच्या १५ फुटात त्याला दरवर्षी छाटत बसावं लागलं असतं, म्हणजे त्याच्या फुलांवरच कुऱ्हाड. तुमच्याकडं २५-३० फूट मोकळं अंगण असेल, वर तारा नसतील, तर डोळे झाकून तामण किंवा बहावा लावा. बहाव्यावर पिवळसर पांढरी फुलपाखरं अंडी घालतात, अळ्या पानं खातात. त्यानं घाबरून औषध मारू नका, झाड परत फुटतं.

तर मग सावलीसाठी बारमाही हिरवं झाड हवं. तीन नावं समोर आली. बकुळ, सीताअशोक आणि सोनचाफा. बकुळीच्या वासावर माझा जीव आहे, पण ती हळूहळू वाढते आणि वाढली की मोठा वृक्ष होते. सीताअशोक लहान चणीचा, फांद्यांना लगडलेली केशरी-लाल फुलं, फारच देखणा. पण त्याला लहानपणी ओलावा आणि थोडी सावली लागते. पश्चिमेच्या रखरखीत उन्हात त्याचे हाल झाले असते. कोकणातल्या मंडळींनी मात्र जरूर लावावा. निसर्गात हे झाड आता धोक्यात आलेल्यांपैकी आहे, सालीसाठी भरपूर तोडलं गेलं. आणि हो, सोसायट्यांच्या भिंतीलगत सरळ उभा वाढतो तो खोटा अशोक, नर्सरीत दोघांनाही नुसतं 'अशोक' म्हणतात. फूल दाखवा म्हणावं.

उरला सोनचाफा. बीपासून वाढवलेला सोनचाफा चांगलाच उंच होतो आणि फुलायला वर्षानुवर्षं लावतो. पण कलमी सोनचाफा एक-दोन वर्षांत फुलू लागतो आणि छाटून बारा-चौदा फुटांवर ठेवता येतो. कोकणात याची व्यापारी शेती होते, नर्सरीत 'वेलणकर' नावाची जात विचारा. आता मी थोडं गणित केलं. खिडकीपासून नऊ फुटांवर चौदा फुटांचं झाड असेल, तर आकाशात साधारण ४८ अंशांच्या खाली आलेला सूर्य अडतो. मे महिन्यात आमच्याकडं हे होतं साडेतीनच्या सुमारास. म्हणजे त्यानंतरचं सगळं ऊन अडलं. अडीच ते साडेतीन आईनं पडदा ओढायचा. (हो, मी हे एक्सेलमध्ये केलं. हसू नका.)

उन्हाळ्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, थोडा उत्तरेकडं सरकतो. हिवाळ्यात दक्षिणेकडं. त्यामुळं पश्चिमेच्या घराला उन्हाळी सावली हवी असेल तर झाड खिडकीच्या समोर किंवा किंचित उत्तरेला हवं. दक्षिणेला लावलंत तर नको त्या थंडीत सावली आणि हव्या त्या उन्हाळ्यात काहीच नाही. आमच्याकडं समोर सोनचाफा बसला, पण उत्तरेच्या कोपऱ्यात विजेची तार. तिथं उंच काही चालणार नव्हतं.

तिथं कुंती लावली. कुणी कामिनी म्हणतं. गडद हिरवी बारीक पानं, पाऊस पडून गेला की पांढऱ्या फुलांचे घोस आणि संध्याकाळी असा वास की रस्त्यानं जाणारा माणूस वळून बघतो. सात-आठ फुटांवर ठेवता येते, छाटणी मुकाट्यानं सोसते. फक्त विदर्भातल्या संत्रापट्ट्यात राहणाऱ्यांनी ही लावताना विचार करा. लिंबूवर्गीय झाडांवरची सायला नावाची कीड कुंतीवरही राहते आणि हीच कीड संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवते. बागेजवळ घर असेल तर कुंती नको.

आता दक्षिणेची बाजू, म्हणजे काकांची. आईला तिथं पारिजातक हवा होता. तो उन्हाळ्यात उघडा पडतो, पण त्या बाजूनं उन्हाळ्याची सावली आम्हाला नकोच होती, त्यामुळं गणित जुळलं. ऑगस्टपासून थंडी सुरू होईपर्यंत रात्री फुलणार, पहाटे खाली सडा. बाबा म्हणाले, "आणि तो सडा गाडीवर." केशरी देठाचा रंग लागतो हे खरं आहे, पूर्वी त्या देठांनी कापड रंगवायचे. म्हणून पारिजातक गाडीच्या जागेपासून लांब, रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात गेला. पण तिथून अर्धी फुलं काकांच्या अंगणात पडणार होती.

त्यामुळं खड्डा काढायच्या आधी मी काकांकडं गेले. बाबा जाणार नव्हते, ते मला माहीत होतं. मी कागदावर काढलेलं अंगण घेऊन गेले. हे झाड इतकं वाढेल, एवढं उंच ठेवू, फांदी तुमच्याकडं आली तर आम्ही छाटू किंवा तुम्ही छाटा. काकांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ बघितला. म्हणाले, "पारिजातक का? मग फुलं इकडं पडली तर पडू देत. फांदी नको." काकूंनी आतून विचारलं, लाल देठाचाच ना? मी म्हटलं, काकू, पारिजातकाचा देठ केशरीच असतो. मग चहा झाला. मोठं काही बोलणं झालं नाही. पण पुढच्या आठवड्यात काकांनी भिंतीवरून शेणखताचं अर्धं पोतं दिलं आणि ते बाबांनी उचलून घेतलं.

आईच्या गुडघ्यांचं काय? वाकून एकेक फूल वेचायचं तिला जमत नाही. त्यावर जुना उपाय आहे. रात्री झाडाखाली जुनी सुती चादर अंथरायची आणि सकाळी चारही टोकं धरून उचलायची. फुलंही स्वच्छ मिळतात. सोनचाफ्याची फुलं तर हाताला येतील अशा उंचीवरच ठेवायची, म्हणून शेंडा वेळेवर खुडायचा. पानं मात्र झाडावीच लागतील. त्याचा हिशेब मी आईसमोर आधीच मांडला होता. सोनचाफ्याची पानं मोठी असतात, बारीक पाल्यासारखी फटीत अडकत नाहीत, खराट्यानं पटकन गोळा होतात. गुलमोहराची बारीक पानं ती वीस वर्षं झाडत होती, त्यामुळं तिला हा मुद्दा लगेच पटला.

आता काय लावू नका, हे थोडक्यात. घरात लहान मूल असेल तर पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दारात नको. बिया अतिशय विषारी असतात. दादाची मुलगी अडीच वर्षांची आहे, दिसेल ते तोंडात घालते, म्हणून आमच्या यादीतून ती पहिल्याच दिवशी बाद. लाल-गुलाबी कण्हेरही विषारीच. हायवेच्या दुभाजकात ती लावतात याचं एक कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. देवचाफ्याचा चीक त्वचेला लागला तर काहींना खाज येते, पण त्याची एवढी धास्ती नको. सप्तपर्णी छोट्या अंगणात अजिबात नको. ती प्रचंड वाढते आणि ऑक्टोबरमध्ये फुलली की रात्रीचा उग्र वास अनेकांचं डोकं उठवतो. आणि गुलमोहर... त्याबद्दल आमच्याकडं कुणी काही विचारत नाही.

चाफ्यावरून एक गंमत. मराठीत आपण सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, नागचाफा असं म्हणतो, पण ही एकमेकांची भावंडं नाहीत. सोनचाफा मॅग्नोलियाचा नातलग, देवचाफा कण्हेरीच्या घराण्यातला, हिरवा चाफा सीताफळाच्या. देवळात इतका जुना वाटणारा देवचाफा तर मूळचा मेक्सिको आणि आसपासचा. त्याच्या फुलात मध नसतो, नुसत्या वासावर तो रात्रीच्या पतंगांना फसवतो. त्यामुळं नर्सरीत 'चाफा द्या' एवढंच म्हणू नका, काय हातात पडेल सांगता येत नाही.

तसंच आपट्याचं. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाची पानं विकतात, तशीच नर्सरीतही गफलत होते. आपट्याची पानं लहान आणि जाड, फुलं बारीक पिवळसर. कांचनाची पानं मोठी, फुलं गुलाबी-जांभळी, ऑर्किडसारखी. फुलांसाठी हवा असेल तर कांचन, आणि तो छोट्या अंगणाला छान आहे. रक्तकांचन फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, दुसरा जांभळा कांचन पावसाळ्यानंतर. जागा असती तर मी एक लावला असता.

नर्सरीत गेल्यावर सगळ्यात उंच रोपाच्या मोहात पडू नका. आठ फुटांचं काठीसारखं रोप पिशवीत वर्षानुवर्षं अडकलेलं असतं, त्याची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात. तीन फुटांचं, जाड बुंध्याचं रोप बरं. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर येऊन जमिनीत रुतलेली असतील तर सोडून द्या. कलम असेल तर जोड कुठं आहे ते बघा आणि जोडाखालून फुटलेले कोंब पुढं काढत राहा, नाहीतर ते खुंटाचंच झाड होतं आणि कलमाचे पैसे वाया.

आम्ही जूनमध्ये पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावली. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डे, आधी आठ-दहा दिवस उन्हात तापवलेले. बांधकामाचा राडारोडा निघाला तो बाहेर टाकला. नवीन घरांच्या अंगणात हा हमखास असतो, सिमेंट आणि विटांचे तुकडे, त्यावर झाड पिवळं पडतं. माती, शेणखत, जोड जमिनीच्या वर, बाजूला काठी. सोनचाफ्याला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून तिथं जमीन थोडी उंच केली. बाबांना गाडी आत हवी होती, तर चाकांच्या दोन पट्ट्यांतच पेव्हर टाकले, बाकी माती मोकळी. पहिल्या पावसात पाणी रस्त्यावर न जाता अंगणातच मुरलं हे बाबांनी स्वतः दाखवलं, जणू कल्पना त्यांचीच होती.

सध्याची परिस्थिती अशी. कुंती दोनदा फुलली. सोनचाफा साडेपाच फुटांवर आहे, आतापर्यंत एकूण अकरा फुलं, आई मोजते. सावलीला अजून तीनेक वर्षं आहेत, तोवर खिडकीला वाळ्याचा पडदा. पारिजातक गुडघ्याएवढा लावला होता, उन्हाळ्यात पार वाळल्यासारखा झाला. काकांनी भिंतीवरून विचारलं, "मेला का हो?" बाबा म्हणाले, "नाही, त्याचं असंच असतं." आता परत फुटलाय.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या आणि फ्लॅटच्या बाल्कनीत काय लावू विचारणाऱ्या तिघांना एकत्र उत्तर. अर्ध्या ड्रममध्ये देवचाफा लावा. फांदी तोडून आणा, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, मग वाळू मिसळलेल्या मातीत खोचा आणि पाणी बेतानं घाला. घर बदललं की ड्रम टेम्पोत. बाल्कनीत निदान अर्धा दिवस ऊन मात्र हवं, नाहीतर नुसती पानं.

तुमच्या अंगणाचं माप, तोंड कुठल्या दिशेला आणि तारा कुठून जातात, हे सांगणारी व्हॉइस नोट पाठवा. एका मिनिटात बसवा, मी प्रवासात ऐकते. पुढचा भाग गच्चीच्या गळतीवर आहे, तो आमच्याच बिल्डिंगच्या कृपेनं. भेटू.